मंजुळेचा ‘न’ आणि मास्तरांचा ‘ण’

स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असल्या म्हणजे मुख्याध्यापकाने त्या बाजूला फिरकू नये, असा सगळ्या शाळांतला अलिखित नियम आहे. मी तो दरवर्षी मोडतो. तीन वर्षांपूर्वी असाच मोडला, आणि त्याची टोचणी अजून गेलेली नाही. हा लेख त्या टोचणीतून लिहिला आहे.

आमच्या हैदराबादच्या शाळेत नववीतली एक मुलगी त्या दिवशी ‘ती फुलराणी’तले मंजुळेचे प्रसिद्ध स्वगत म्हणत होती. मास्तरला धडा शिकवण्याची प्रतिज्ञा असलेले तेच ते. पुस्तक तिने पाहिलेले नव्हते. मोबाईलवर भक्ती बर्वे यांच्या आवाजात ते पुन्हा पुन्हा ऐकले आणि पाठ केले. तिचे घर मूळचे बिदर जिल्ह्यातल्या औरादकडचे. घरात मराठी, गल्लीत दखनी, दुकानात तेलुगू आणि वर्गात इंग्रजी, असे चार पाण्यांतले पोहणे या मुलांच्या अंगवळणी पडलेले असते. मुलगी स्वगत झकास म्हणत होती. पण रंगात आली की मंजुळेची बोली सुटून तिची स्वतःची बोली वर यायची. ‘येऊलालाय’, ‘करूलालाय’ अशी रूपे मध्येच उमटायची. तर कुठे कुठे, मी वर्षभर घोटून घेतलेला ‘ण’ अगदी स्वच्छ ऐकू यायचा.

मी तिला थांबवले. म्हणालो, “अगं, मंजुळा ‘येऊलालाय’ म्हणत नाही. आणि इथे ‘ण’ नको, ‘न’ म्हण. मंजुळा अशिक्षित आहे.”

मुलीने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “सर, मग आम्ही कधी कोणतं बोलायचं?”

वर्षभर ज्या मुलीला ‘न’ नव्हे ‘ण’ म्हणून टोकले, तिलाच आता ‘ण’ नव्हे ‘न’ म्हणून मी टोकत होतो. अशुद्धसुद्धा पुस्तकातले शुद्ध अशुद्ध हवे, असा माझा आग्रह होता! दुसऱ्या दिवशी तिने स्वगतातून नाव काढून घेतले आणि समूहनृत्यात घातले. नाचात बोलावे लागत नाही.

पुढे पालकसभेला तिची आई भेटली. मी विषय काढल्यावर ती माउली संकोचून म्हणाली, “सर, आमची मराठी तुमच्या पुस्तकातली नाही. पोरीला उगं बोलणी नकोत म्हणून आम्ही घरी आता हिंदीच बोलतो.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, जणू माझी माफीच ती मागत होती. मराठीचा एम. ए. आणि पस्तीस वर्षांच्या आसपास मराठीचा मास्तर असलेल्या माणसाने एका घरातली मराठी बंद पाडली होती.

त्या रात्री घरी आल्यावर मी भक्ती बर्वे यांचे ते स्वगत पुन्हा ऐकले. चित्र न पाहता, डोळे मिटून. तेव्हापासून या अभिनेत्रीविषयी मी जो विचार केला तो सीमाभागातल्या वाचकांपुढे ठेवतो आहे, कारण पुण्यामुंबईच्या वाचकापेक्षा तो आपल्या कामाचा आहे.

*

भक्ती बर्वे यांचा जन्म १९४८ सालचा, सांगलीचा. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केले तीच ही सांगली. सुधा करमरकर यांच्या ‘लिट्ल थिएटर’च्या बालनाट्यांतून त्यांनी लहानपणीच रंगभूमीवर पाऊल टाकले. पुढे आकाशवाणीवर निवेदन केले आणि १९७२ साली मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यावर तिथे बातम्या दिल्या. विजया मेहता यांनी बसवलेल्या, वसंत कानेटकरांच्या ‘अखेरचा सवाल’मध्ये त्या मुलीच्या, नंदाच्या, भूमिकेत होत्या. त्यानंतर १९७५ साली इंडियन नॅशनल थिएटरचे ‘ती फुलराणी’ आले. लेखन आणि दिग्दर्शन पु. ल. देशपांडे यांचे, प्राध्यापक अशोक जहागीरदार सतीश दुभाषी आणि मंजुळा साळुंके भक्ती बर्वे. तिथून पुढे त्या महाराष्ट्राच्या ‘फुलराणी’ झाल्या त्या कायमच्या. १९९० सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. अभिनेते शफी इनामदार हे त्यांचे पती. त्यांचे १९९६ साली निधन झाले. १२ फेब्रुवारी २००१ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या मोटार अपघातात भक्ती बर्वे गेल्या. वयाची त्रेपन्नही पुरी झाली नव्हती.

या चरित्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक साधी नोंद. ज्या बाईने मंजुळेची गावरान, रांगडी बोली घराघरांत नेली, तीच बाई दूरदर्शनवर बातम्या देत होती. बातम्यांची मराठी म्हणजे प्रमाण मराठीचा कळसच. तिथे ‘ण’ला ‘न’ म्हटलेले चालत नाही, ‘श’ला ‘स’ चालत नाही, आणि शब्दाचा शेवट गिळलेला तर मुळीच खपत नाही. म्हणजे मंजुळेला जिथे पोचायचे होते तिथे भक्ती बर्वे आधीच पोचलेल्या होत्या. त्यांना उलटा प्रवास करायचा होता. शिकलेले विसरून बोलायचे होते, आणि तेही न शिकलेल्या माणसाची टिंगल केल्यासारखे न वाटता.

हे काम किती अवघड आहे ते मास्तरांना विचारावे. शाळेच्या नाटकात शेतकऱ्याची भूमिका दिली की शहरातला मुलगा लगेच ‘म्या’, ‘व्हय’, ‘जी’ सुरू करतो. ती बोली नसते. बोलीला वाकुल्या दाखवणे असते. आपल्या व्यावसायिक रंगभूमीवर आणि चित्रपटांतही नोकर, मोलकरीण, हवालदार यांच्या तोंडी वर्षानुवर्षे अशीच वाकुल्या दाखवणारी मराठी घातली गेली आहे. आपल्या बिदर, भालकी, आदिलाबादकडचा माणूस ती ऐकतो तेव्हा आधी हसतो, मग घरी येऊन आपल्या आईचे बोलणे त्याला निराळे ऐकू येऊ लागते.

*

नाटकाचा मूळ प्रश्न काय आहे ते एकदा नीट मांडले पाहिजे. बर्नार्ड शॉने ‘पिग्मॅलियन’ लिहिले ते इंग्रजी उच्चारांविषयी. लंडनची एक फूलवाली, तिच्या उच्चारांवरून तिची गल्ली ओळखणारा एक ध्वनिशास्त्रज्ञ, आणि सहा महिन्यांत तिला सरदारांच्या मेजवानीत खपवून दाखवण्याची पैज. गंमत अशी, की इंग्रजी उच्चारांवरच्या या नाटकाचा पहिला प्रयोग झाला तो व्हिएन्ना शहरात, १९१३ साली, आणि जर्मन भाषेत! लंडनला ते १९१४ साली आले. म्हणजे हे नाटक जन्मापासूनच परक्या भाषेत नांदलेले आहे. उच्चारावरून माणसाची पायरी ठरवणे हा कोण्या एका भाषेचा रोग नव्हे, हे त्यावरून उघड होते.

पण इंग्रजीत जो प्रश्न प्रामुख्याने वर्गाचा आहे तो मराठीत आला की त्याला जात, प्रदेश आणि शिक्षण अशी तीन आणखी शेपटे फुटतात. मराठीत ‘पाणी’ आणि ‘पानी’ यांच्यामधले अंतर नुसते जिभेच्या टोकाचे नाही. कोणाच्या घरी पाटी-पेन्सिल किती पिढ्यांपूर्वी आली याचा तो हिशेब आहे. पु. लं.नी लंडनच्या फूलवालीचे भाषांतर केले नाही, तिला इथे जन्माला घातले आणि बालकवींच्या कवितेतल्या नावाने हाक मारली, हे त्यांचे मोठेपण. पण या तीन शेपटांची पुरी जाणीव नाटकात आहे का, असे विचारले तर माझे उत्तर ‘अर्धी’ असे आहे. सुरुवातीच्या प्रवेशांत नाटक मंजुळेच्या बोलीवर हशे वसूल करते. प्राध्यापकाचा तोरा आपल्याला आवडावा असा रंगवलेला आहे. त्याचा उद्धटपणा हा बुद्धिमान माणसाचा लाडिक दोष म्हणून खपून जातो. पु. ल. हे मूळचे विनोदकार. प्रेक्षक हसला की नाटककाराची पावले त्या बाजूला आपसूक वळतात.

माझे एक सहकारी यावर मला म्हणाले, “सर, तुम्ही उगाच गंभीर होता. विनोदी नाटक आहे ते. लोक चार घटका हसायला येतात.” मान्य आहे. पण कोण हसतो आणि कोणाला हसतो, हा प्रश्न विनोदी नाटकालाच आधी विचारावा लागतो. गंभीर नाटकात तो प्रश्न पात्रेच विचारतात.

माझा मुद्दा असा, की नाटकाने जे अर्धे सोडले ते भक्ती बर्वे यांनी आपल्या आवाजाने पुरे केले.

*

ते स्वगतच घ्या. शॉच्या मूळ नाटकात अशा जागी असे स्वगत नाही. फूलवालीची शिकवणी तिथे बहुतेक पडद्याआड होते. पुढे अमेरिकेत १९५६ साली ब्रॉडवेवर ‘माय फेअर लेडी’ हे संगीत नाटक आले, त्यात मास्तरवरच्या संतापाचे एक गाणे तिला मिळाले. पु. लं.नी मराठीत त्या जागी गाण्याच्या लयीत चालणारे स्वगत दिले. म्हणजे वाद्यांचा आधार काढून घेतला आणि सगळा भार एकट्या नटीच्या गळ्यावर टाकला.

डोळे मिटून ऐकले तेव्हा मला पहिल्यांदा जाणवले ते हे, की यात हशाची वाट पाहणे नाही. हशा येतो, पण बाई त्याच्यासाठी थांबलेल्या नाहीत. सुरुवात अपमानाने होते. त्या अपमानाचे रडू होते, रडता रडता राग येतो, रागातून सुडाचे स्वप्न रंगते, आणि त्या स्वप्नात मुलगी राणीच्या थाटाला जाऊन पोचते. ही चढण त्या एका दमात चढतात, तरी एकही शब्द पायाखाली चिरडला जात नाही. आवाज चढतो पण फाटत नाही. बातम्या देणाऱ्या गळ्याची शिस्त इथे खाली पायासारखी आहे. ती दिसत नाही, पण सगळे तिच्यावर उभे आहे.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. मंजुळेचा ‘न’ त्या चूक म्हणून उच्चारत नाहीत. मंजुळेच्या दृष्टीने तो बरोबरच आहे, कारण तिच्या आईबापांकडून तिला तोच मिळालेला आहे. नकला करणारा नट चुकीच्या अक्षरावर नकळत जोर देतो, प्रेक्षकाला डोळा मारतो, “पाहा, कसा बोलतोय!” असे सुचवतो. भक्ती बर्वे यांचा जोर अक्षरावर नाही, अर्थावर आहे. त्यामुळे ऐकणारा दोन-चार वाक्यांनंतर ‘न’ की ‘ण’ हे विसरतो आणि मुलीच्या मानहानीकडे पाहू लागतो. प्राध्यापक जहागीरदारांना जे ऐकू येत नाही ते प्रेक्षकाला ऐकू येते. सगळी बाजी तिथे पलटते. विद्या कोणाकडे आहे आणि कान कोणाला आहे, या दोन वेगळ्या गोष्टी होतात.

तिसरी गोष्ट नाटकाच्या उत्तरार्धासंबंधी. पैज जिंकल्यावर दोघे पुरुष एकमेकांची पाठ थोपटतात आणि जिने ती जिंकून दिली ती कोपऱ्यात उभी असते. शॉची फूलवाली तिथे विचारते, की आता मला कुठल्या कामाची ठेवलीत? फुले विकायला जुनी मी उरले नाही आणि बाईसाहेब व्हायला घरदार नाही. हा प्रश्न सुधारलेल्या भाषेत विचारलेला आहे, पण विचारणारी तीच आहे. इथे आवाजाचा पोत बदलून चालत नाही. उच्चार बदलला तरी माणूस तोच हे कळायला हवे. पु. लं.ची मंजुळाही याच वळणावर येऊन उभी राहते, आणि जिने सुरुवातीच्या ‘न’ला मान दिलेला असतो त्याच नटीला शेवटच्या ‘ण’मध्ये ते दुःख आणता येते. जिने सुरुवातीला हशे गोळा केले, तिच्या हाती इथे नुसते सुंदर उच्चार उरतात.

*

या भूमिकेची जगातली परंपरा मोठी आहे. लंडनला १९१४ साली मिसेस पॅट्रिक कॅम्बेल यांनी ही कोवळी फूलवाली केली तेव्हा त्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. शॉला हवी होती ती त्यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांची वाणी. न्यूयॉर्कला १९२६ साली थिएटर गिल्डने नाटक केले त्यात लिन फोंटॅन होत्या, अमेरिकन रंगभूमीवरच्या त्या काळच्या पहिल्या पंक्तीतल्या अभिनेत्री. ‘माय फेअर लेडी’त ज्यूली अँड्र्यूज होत्या. पण १९६४ साली त्याचा चित्रपट निघाला तेव्हा पडद्यावर ऑड्री हेपबर्न यांचा चेहरा आणि बहुतेक गाण्यांना मार्नी निक्सन यांचा आवाज, अशी विभागणी झाली. वाणीवरच्या या कथेत नायिकेचा गळाच उसना! चित्रपटाला ते चालून जाते. रंगभूमीवर ती सोय नाही. तिथे चेहरा ज्याचा त्याचाच गळा, आणि रोज संध्याकाळी तो नव्याने सिद्ध करावा लागतो.

भक्ती बर्वे यांच्यानंतरही मराठीत हे नाटक पुन्हा पुन्हा उभे राहिले. सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी अशा गुणी अभिनेत्रींनी मंजुळा केली. प्रत्येकीला पहिल्या आवाजाशी सामना द्यावा लागला. हे त्यांच्यावर अन्यायाचेच आहे. पण एखाद्या भूमिकेचा आवाज ठरून जातो तेव्हा असे होते.

आणि हाच अन्याय भक्ती बर्वे यांच्यावरही झाला, असे मला वाटते. एका भूमिकेने त्यांची बाकीची कामे झाकली. मी स्वतः त्यांना रंगमंचावर पाहिले ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, पुण्यात, अशोक पाटोळे यांच्या ‘आई रिटायर होते’मध्ये. शिक्षकांच्या शिबिरासाठी गेलो होतो. तिकीटबारीवर माझे बोलणे ऐकून शेजारच्या गृहस्थांनी हसू दाबत विचारले होते, “कुठले आपण?” मी “हैदराबाद” म्हटल्यावर ते म्हणाले, “वाटलंच!” त्या ‘वाटलंच’सह मी आत जाऊन बसलो.

नाटक संसारातून निवृत्ती जाहीर करणाऱ्या आईचे. कल्पना फार चांगली. पण रचना मला तेव्हाही सोपी वाटली होती, मुलेबाळे आणि नवरा आईच्या विरुद्ध जरा जास्तच हिशेबाने उभे केले आहेत असे वाटले होते. बाईंचे काम मात्र रचनेच्या वर होते. निवृत्तीची घोषणा त्यांनी भाषण म्हणून केली नाही. भाजी महाग झाल्याचे सांगावे तितक्या सहज आवाजात ती आली, आणि म्हणून नाट्यगृह गप्प झाले. घरात ज्या आवाजाकडे कोणाचे लक्ष नसते, त्याच आवाजात त्या महत्त्वाचे बोलल्या. परतीच्या गाडीत मी गृहस्थांचे ‘वाटलंच’ विसरून गेलो होतो.

याच्या उलट टोकाचे काम म्हणजे कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारो’ या १९८३ सालच्या हिंदी चित्रपटातली संपादिका शोभा सेन. ‘खबरदार’ नावाचे नियतकालिक चालवणारी, भ्रष्टाचार उघड करण्याच्या गोष्टी सांगणारी, आणि आतून सौदा ठरवणारी बाई. तिची भाषा किती मऊ, किती घासलेली आहे ते नीट ऐकावे. मंजुळा अशुद्ध बोलते आणि खरे बोलते. शोभा सेन शुद्ध बोलते आणि खोटे बोलते. या दोन भूमिका एकाच अभिनेत्रीने केल्या, हे मला आमच्या वर्गात शिकवावेसे वाटते. उच्चार स्वच्छ म्हणजे मन स्वच्छ असा एक समज आपण शाळाशाळांतून पेरलेला आहे. त्यावर याहून चांगला उतारा माझ्या पाहण्यात नाही.

आणि मग अजित दळवी यांच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’तली कस्तुरबा. एका बाजूला जगाला समजावून सांगणारा नवरा, दुसऱ्या बाजूला बापाशी भांडून उद्ध्वस्त झालेला मुलगा हरिलाल, आणि मध्ये फारसे शिक्षण न लाभलेली आई. नाटक वाचताना लक्षात येते की वादात कस्तुरबांकडे शब्द कमी आहेत, पण पारडे फिरवणारा शब्द पुष्कळदा त्यांचा असतो. मंजुळेपासून कस्तुरबांपर्यंत पाहिले तर एक धागा सापडतो. ज्यांना बोलता येत नाही असे घरादाराने धरून चाललेले असते, त्या बायांना भक्ती बर्वे यांनी पुरे वाक्य बोलू दिले. फुलराणीच्या कौतुकात हा धागा आपल्या समीक्षकांनी पुरेसा उचलला नाही.

दोष सांगायचा तर एवढाच, की एवढ्या ताकदीच्या अभिनेत्रीच्या वाट्याला सामान्य नाटके फार आली. व्यावसायिक रंगभूमीचा संसार प्रयोगांच्या आकड्यावर चालतो, आणि त्या आकड्यासाठी नटाला काय काय उचलावे लागते हे त्या नावांच्या लांबलचक यादीवरून कळते. शेवटी शेवटी त्या ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा कार्यक्रम करीत होत्या. तोवर फुलराणी आणि त्या स्वतः यांना वेगळे करणे प्रेक्षकांना नको होते, आणि कदाचित त्यांनाही.

*

आता आपल्या घराकडे येऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुने हैदराबाद राज्य तीन भाषांत वाटले गेले. मराठवाडा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला, बिदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. २०१४ सालापासून ते तेलंगणात आहे. या वाटणीत जी मराठी घरे रेषेच्या अलीकडे-पलीकडे राहिली त्यांच्या मराठीला कोणी गावठी म्हणते, कोणी खिचडी म्हणते. पण या खिचडीचा इतिहास पाहावा. आमच्या चारमिनारच्या गल्लीतला मुसलमान रिक्षावाला ‘नक्को’ म्हणतो तो आपला ‘नको’ आहे. तो ‘मैंइच’, ‘अभीच’ म्हणतो त्यातला जोर देणारा ‘च’ मराठी आहे. म्हणजे आपल्या भाषेने इथे नुसते घेतलेले नाही, दिलेलेही आहे. पुण्याच्या तिकीटबारीवर ज्या बोलीला हसू येते तिने चारशे-पाचशे वर्षे शेजाऱ्याशी संसार केलेला आहे.

यावर कोणी विचारील, मग काय, मुख्याध्यापकांनी ‘ण’ शिकवणे सोडायचे? मुळीच नाही. मी आजही ‘ण’ शिकवतो आणि शिकवीत राहणार. मुलाला उद्या पुण्यात मुलाखत द्यायची आहे, पुस्तक वाचायचे आहे, अर्ज लिहायचा आहे. प्रमाण मराठी नाकारणे म्हणजे त्याला दार दाखवून किल्ली लपवण्यासारखे होईल. मंजुळेलाही ती किल्ली हवीच होती. शिकायचे म्हणून ती स्वतःच्या पायांनी प्राध्यापकाच्या दारात गेली होती. चूक शिकवण्यात नव्हती. नवे देताना जुने काढून घेण्यात होती. प्राध्यापक जहागीरदारांनी जे केले तेच मी तालमीत केले, आणि माझ्याजवळ त्यांची विद्वत्ताही नव्हती.

भक्ती बर्वे यांच्याकडे ‘न’ आणि ‘ण’ दोन्ही होते. सकाळी तालमीत एक, संध्याकाळी बातम्यांत दुसरा. एकाने दुसऱ्याला घराबाहेर काढले नाही. दोन जिल्ह्यांच्या, दोन-तीन भाषांच्या सीमेवर वाढणाऱ्या आपल्या मुलांना याहून वेगळे काय हवे आहे?

यंदाच्या संमेलनाआधी मी त्या मुलीला बोलावले. ती आता बारावीत आहे, दुसऱ्या कॉलेजात जाते. धाकटा भाऊ आमच्याकडे सातवीत आहे. तिला म्हणालो, “बाळ, तू ते स्वगत सोडलंस त्यात चूक माझी होती. यंदा माजी विद्यार्थिनी म्हणून म्हणशील का? तुझ्या पद्धतीनं.”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, माझ्या पद्धतीनं म्हटलं तर मंजुळा औरादची होईल.”

“होऊ दे,” मी म्हटले.

तिने अजून होकार दिलेला नाही. “विचार करून सांगते,” म्हणाली. मात्र जाताना दारातून भावाला हाक मारली ती मराठीत, आणि त्या हाकेत ‘येऊलालास का?’ असे शब्द होते. मी टेबलावरच्या कागदांत डोके घातले आणि काही बोललो नाही.